न गेलेल्या युद्धाचा हिशोब

१४ जुलै २००३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ठरवलं, की भारत इराकमध्ये सैन्य पाठवणार नाही. मी तेव्हा सातवीत होतो. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला ऑर्डनन्सच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, बाबा फॅक्टरीत होते. पेपर आधी आमच्याकडे यायचा आणि मग शेजारच्या काकांकडे जायचा. काका माजी सैनिक, श्रीलंकेत जाऊन आलेले, निवृत्तीनंतर फॅक्टरीच्या गेटवर ड्यूटी करायचे.

दुसऱ्या दिवशी बातमी वाचून बाबा खूश झाले. म्हणाले, "बरं झालं. दुसऱ्याच्या भांडणात आपली पोरं नाही गेली." काकांनी पूर्ण बातमी वाचली, पेपराची घडी घातली आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण का नाही गेलो, ते लिहिलंय का यात?"

मला तेव्हा हा प्रश्न विचित्र वाटला होता. गेलो असतो तर 'का गेलो' हे विचारायचं. नाही गेलो, तर विचारायचं काय? आता वाटतं, काकांचा प्रश्न बाबांच्या आनंदापेक्षा मोठा होता.

आधी काय घडलं ते पाहू. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने ब्रिटन आणि इतर काही देशांना सोबत घेऊन इराकवर हल्ला केला. ८ एप्रिलला लोकसभेने एकमताने ठराव केला. त्यातल्या हिंदी 'निंदा' या शब्दाचं इंग्रजी 'कंडेम' करायचं की जरा मवाळ 'डिप्लोर', यावरही आपल्याकडे वाद झाला. पुढे अमेरिकेने आपल्याकडे एक पूर्ण डिव्हिजन मागितली, म्हणजे पंधरा ते वीस हजार माणसं. दिल्लीत काही आठवडे खल चालला. पाठवा म्हणणारेही कमी नव्हते. महासत्तेशी जवळीक वाढेल, जगात वजन वाढेल, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी वाजपेयी सरकारने नकार दिला. कारण सांगितलं, की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही, तो आला तर विचार करू.

ऑक्टोबर २००३ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १५११ मंजूर केला आणि इराकमधल्या बहुराष्ट्रीय फौजेला मान्यता दिली. भारत तरीही गेला नाही. म्हणजे सांगितलेलं कारण हेच खरं कारण होतं, असं म्हणणं कठीण आहे. विरोधी पक्षांचा दबाव होता, निवडणुका जवळ येत होत्या, इराकमध्ये रोज स्फोट होत होते, आखातात आपली लाखो माणसं नोकरीला होती. यातलं नेमकं काय निर्णायक ठरलं, ते सरकारने लोकांना कधी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, निर्णय बरोबर ठरला ना? मग कारणाचा कीस कशाला काढायचा? ज्या महासंहारक शस्त्रांसाठी युद्ध झालं, ती सापडलीच नाहीत. एकही भारतीय जवान त्या युद्धात मारला गेला नाही. एवढं पुरेसं नाही का?

मला वाटतं, नाही. आपल्या लोकलचं उदाहरण घ्या. एक माणूस रोज तिकीट काढतो, कारण त्याला ते द्यायला हवं असं वाटतं. दुसरा तिकीट काढतो, कारण आज स्टेशनवर टीसी उभा आहे. दोघांच्याही खिशात तिकीट आहे. आजच्यापुरता फरक काहीच नाही. फरक कळेल तो टीसी नसेल त्या दिवशी. एखाद्याने कशासाठी काय केलं हे कळलं, तरच पुढच्या वेळी तो काय करेल याचा अंदाज येतो. कारण म्हणजे एका अर्थी पुढच्या वेळेचं वचन असतं. २००३ मध्ये आपल्याला निर्णय मिळाला. वचन मिळालं नाही.

आणि आपला 'नाही' नेहमीच एवढा स्वच्छ नव्हता. १९९१ च्या आखाती युद्धात चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिलं होतं. बातमी फुटली, गदारोळ झाला, तेव्हा ते थांबलं. सैनिक पाठवले नाहीत म्हणजे आपण युद्धात नव्हतो, असं म्हणायचं का?

इराकच्या त्याच भूमीवर आपली माणसं शंभर वर्षांपूर्वी गेली होती. तेव्हा हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मेसोपोटेमियात पाठवलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नाव 'पूना डिव्हिजन' होतं. तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत शहरात ती वेढली गेली. अन्न संपलं. घोडे कापून खायची वेळ आली, आणि धर्मापायी अनेक हिंदी सैनिकांनी बराच काळ ते मांस खाल्लं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यातले कित्येक कैदेत आणि कैदेकडे नेणाऱ्या पायपिटीत मेले. पुढे बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत. पलटणीचं नाव आणि किती मेले तो आकडा. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाने या भेदभावाबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली, एका शतकानंतर.

ज्याला 'का' विचारता येत नाही, त्याचा शेवटी आकडा होतो. कुतच्या शिपायाला ते विचारता येत नव्हतं, कारण देश त्याचा नव्हता.

हे सगळं आपल्या भागापासून फार लांबचं नाही. शेजारचं उल्हासनगर घ्या. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेला तो तात्पुरता तळ. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि १९४९ मध्ये नाव पडलं उल्हासनगर. आजही रिक्षावाल्याला आपण 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' असंच सांगतो. युद्ध कुणी पुकारलं, का पुकारलं हे विसरून गेलं, पण कॅम्पचे आकडे तेवढे आपल्या तोंडी राहिले.

स्वतंत्र भारताने स्वतःहून सैन्य पाठवलं ते काकांच्या वेळी. १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली. शांतता राखायला गेलेली फौज काही महिन्यांत लिट्टेशी लढू लागली. १९९० मध्ये ती परतली तोवर अकराशेहून जास्त जवान गेले होते. त्यांचं स्मारक कोलंबोजवळ आहे. पण चूक कुठे झाली, हे देशाला सांगणारा जाहीर अहवाल आपल्याकडे निघाला नाही. ब्रिटनने इराकबाबत निदान एवढं केलं. त्यांचे १७९ सैनिक तिथे मेले. चिलकॉट चौकशीने सात वर्षं घेतली आणि २०१६ मध्ये सांगितलं, की शांततेचे मार्ग संपण्याआधीच आपण युद्धात उतरलो. मेलेला कुणी त्याने परत आला नाही. पण त्यांच्या घरच्यांना 'का' या प्रश्नाचं काहीतरी लेखी उत्तर मिळालं. आपण गेलो त्याचीही चौकशी केली नाही, आणि न गेल्याचीही नाही.

आता हा प्रश्न पुन्हा दारात आहे, वेगळ्या रूपात. आता माणसं पाठवायची वेळ क्वचित येते. माल मात्र जातो. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या, अंबरनाथची फॅक्टरी यंत्र इंडियाकडे गेली. कंपनी म्हटली की ऑर्डर हव्यात, आणि ऑर्डरवर कुणाचा तरी पगार अवलंबून असतो. आमचं घर त्याच पगारावर चाललं, त्यामुळे निर्यातच नको असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शेजारी हल्ला करत असेल तर एखाद्या देशाला शस्त्रं विकणं योग्यही असू शकतं. पण कुणाला विकतो, का विकतो, आणि तो माल पुढे कुणाच्या हाती जातो, हे उघडपणे सांगितलं गेलं पाहिजे. विमानात इंधन भरण्यासारखंच हेही आहे. आपण तिथे नसतो, पण आपलं काहीतरी तिथे असतं.

बाबांचं म्हणणं मला आजही पटतं. आपली पोरं गेली नाहीत हे बरंच झालं. पण ते समाधान तेवढ्या एका जुलै महिन्यापुरतं आहे. पुढच्या वेळी कुणीतरी मोठा देश पुन्हा माणसं मागेल, किंवा माल मागेल, आणि दिल्लीत पुन्हा खल होईल. तेव्हा 'हो' आलं तरी आणि 'नाही' आलं तरी, पेपराची घडी घालण्याआधी काकांसारखं विचारलं पाहिजे: का, ते लिहिलंय का यात?