वनरक्षणाचा कर्ता कोण ?

वारीच्या वाटेवर झाडाखाली घटकाभर टेकला नाही असा वारकरी विरळा. तुकोबारायांनी तर वृक्षांना सोयरे मानले. हाच विषय घेऊन मागे आम्ही डोंगराकडच्या एका गावी कीर्तन केले. सकाळी एक मोळीवाली बाई पाया पडली आन् म्हणाली, “महाराज, झाड सोयरं, हे पटलं. पण राखणदार मला चोर म्हणतो. मग मी त्या झाडाची कोण?” आम्ही निरुत्तर झालो.

पूर्वपक्ष असा : माणूस लोभी, तो रानात शिरला की कुऱ्हाड चालायचीच. म्हणून त्याला बाहेर ठेवा. यात तथ्य नाही असे नाही. लोभाने बोडके झालेले डोंगर आपण पाहतोच. परंतु ‘वनरक्षण’ या समासात रक्षण कशाचे ते कळते, करणारा कोण ते कळत नाही. योजना आखणारे झाडे मोजतात, पाणवठे मोजतात; पण डिंक, मोहफुले, तेंदूपाने यांवर ज्यांचा संसार चालतो, त्यांची गणना करतात ती केवळ अडथळा म्हणून !

हा नुसता शब्दच्छल नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव पाहा. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने होतो. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावास मिळाला. तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला. पण हक्काची वाट पाहत हे लोक स्वस्थ बसले नव्हते. रान राखण्याचे नियम त्यांनी आधीपासूनच आपले आपण घालून घेतले होते. मधमाश्या न मारता मध काढण्याची रीतही बसवली. पहारेकऱ्याच्या धाकाने हे घडत नाही, आपलेपणाने घडते.

भूतदया झाडापाशी सुरू होऊन मोळीपाशी संपत नाही. भूतमात्रांत ती मोळीवालीही आलीच. आज ती माउली भेटली तर आम्ही सांगू, “बाई, तू त्या झाडाची सोयरी. पण सोयरीक दोन्हीकडून पाळायची असते. वाळलेलं तुझं, हिरव्याला हात नको.” आणि योजना करणारांस विनंती एवढीच की, मसलतीला बसताना पहिली जागा तिला द्यावी.