सतरा नंबरची कढई

लखनौच्या अलीगंजात जुने हनुमान मंदिर आहे. त्याच्या शिखरावर चंद्रकोर आहे. ज्येष्ठातल्या मंगळवारी, म्हणजे बडा मंगलला, शहरभर भंडारे लागतात. पुरी-भाजी, बुंदी, सरबत. येईल त्याला पोटभर. एवढ्या मोठ्या कढया घरात कोण ठेवणार? त्या भाड्याने आणायच्या.

मंदिराजवळ एक भांडीवाला होता. त्याच्या दोन वह्या होत्या. पहिलीत गिऱ्हाइकाचा नंबर, नाव, पत्ता. दुसरीत नेलेली भांडी आणि पुढे नुसता नंबर. पत्ता बदलला की एकाच जागी दुरुस्ती पुरे. रीत चांगली होती.

दुकानात नवा पोऱ्या लागला. सतरा नंबरचा माणूस मोहल्ला सोडून गेल्याचे त्याने ऐकले. त्याने पहिल्या वहीतले नाव शाईने गिरगटून टाकले. मोकळा झालेला नंबर एका म्हातारीला दिला.

बडा मंगलच्या आदल्या रात्री मालकाने दुसरी वही उघडली. ‘१७: मोठी कढई, एक.’ पोऱ्या धावत म्हातारीकडे गेला.

“बाळा, मी दोन पराती नेल्या,” ती म्हणाली. “कढई कुठली?” तिचे डोळे भरले.

पोऱ्या मान खाली घालून परतला. “मालक, दुसऱ्या वहीतली ओळही खोडतो. वाद मिटेल.”

“वाद मिटेल. कढई येईल का?”

“मग नंबराची जागा कोरी ठेवतो.”

“म्हणजे कढई बाहेर आहे, एवढंच कळेल. कुणाकडे, ते नाही. कुणी मागणीच रद्द केली, तर तिच्याखालची भांडी खुशाल खोड. पण घेणं बाकी असेतोवर नाव खोडू नये. आधी दुसरी वही बघावी.”

दोघांनी ते पान दिव्यासमोर धरले. शाईखालून काहीच वाचता येईना. त्या मंगळवारी पुऱ्या दोन लहान कढयांत तळल्या. रांग उन्हात ताटकळली.

पुढे पोऱ्या मोठा झाला, दुकान त्याच्याकडे आले. वह्यांचे संगणकात तक्ते झाले. तक्त्यांच्या अशा मांडणीचा पाया एडगर कॉड यांनी १९७० साली घातला होता. नाव पुसले तर जोडलेल्या ओळींचे काय, हे आधीच ठरवायचे होते. कॅस्केड म्हणजे त्याही पुसा. सेट नल म्हणजे नंबराची जागा कोरी करा. रिस्ट्रिक्ट म्हणजे पुसूच देऊ नका.

भाड्याच्या तक्त्याला त्याने रिस्ट्रिक्ट लावले. म्हातारीला नवा नंबर दिला. सतरा पुन्हा कुणालाच दिला नाही.