ताक आणि यज्ञशेष

गृहस्थहो, गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी ‘पर्युषित’, म्हणजे शिळे अन्न तामसांस प्रिय म्हटले आहे. मग रात्री कोमट दुधास विरजण लावून पहाटे घुसळलेले ताक नैवेद्यास कसे चालावे? मनूने आंबलेले पदार्थ वर्ज्य ठरविताना दही व दह्यापासून होणारे सर्व काही वगळले आहे. तेवढ्याने ही शंका फिटते. तिसऱ्या अध्यायातील कसोटी मात्र कठोर आहे: केवळ स्वतःसाठी रांधणारा पापच भक्षितो. ज्या पानिपतावर १७६१ च्या आरंभी रसद तुटून मराठ्यांची छावणी अन्नास महाग झाली, तेथील गृहस्थाने तर दारी आलेल्या तहानलेल्यास लस्सी पाजूनच आपला पेला उचलावा. विरजणापुरते दही घुसळण्यापूर्वी काढून ठेवावे. शेजारणीने मागितल्यास त्यातलेही द्यावे.