लिलावातले घर

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपात एक मजकूर वारंवार छापलेला आढळतो. कर्जदाराचे नाव, जामीनदाराचे नाव, थकलेली रक्कम, घराचे क्षेत्रफळ, राखीव किंमत, इसाऱ्याची रक्कम; आणि अखेरीस, मालमत्ता ‘जसे आहे जेथे आहे’ या तत्त्वावर विकली जाईल, हे ठरलेले वाक्य. बहुतेक वाचक ते पान उलटून पुढे जातात. काहीजण मात्र तेच पान आधी उघडतात. त्यांत स्वतःला राहावयास घर हवे असलेले असतात, तसे एक घर असताना दुसरे घेऊन ते भाड्याने देऊ पाहणारेही असतात. पहिल्यांच्या खरेदीला गरजेचा आधार आहे. प्रश्न दुसऱ्यांचा आहे. ज्याला केवळ उत्पन्न हवे आहे त्याने दुसऱ्याचे हातचे गेलेले घर विकत घ्यावे काय?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. एक घरातल्या वडीलधाऱ्यांचे: असले घर लाभत नाही, त्यात कोणाचा तरी तळतळाट असतो. दुसरे व्यवहारी माणसाचे: कायद्याने परवानगी दिली आहे, मग विचार कसला करावयाचा? पहिल्या उत्तरात भीती आहे, दुसऱ्यात सोय आहे. नीतीचा विचार दोघांनीही टाळलेला आहे.

तो करावयाचा तर प्रथम व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे. ज्याला लोक ‘सरफेसी’ म्हणतात त्या २००२ च्या कायद्याने बँकेला, दिवाणी दावा न लावता, गहाण घर विकण्याचा अधिकार दिला. हप्ते थकत गेले की साठ दिवसांची नोटीस निघते. तेवढ्या मुदतीत पैसे आले नाहीत तर बँक ताबा घेते आणि रीतसर जाहिरात देऊन लिलाव पुकारते. ज्याची बोली लागते त्याने चौथाई रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावयाची, आणि बाकीची विक्री कायम झाल्यापासून सामान्यतः पंधरा दिवसांत. चुकल्यास भरलेले पैसेही जातात. विक्रीतून कर्ज आणि खर्च वळते करून काही उरले तर ते घरवाल्याला परत मिळते. कमी पडले तर राहिलेले देणे त्याच्याच मानगुटीवर बसते.

ही शेवटची तरतूद नीतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. रास्त बोली लावणारा माणूस तिच्यामुळे कर्जदाराचा वैरी ठरत नाही. लिलावाला कोणी फिरकले नाही म्हणून घर वाचत नाही. राखीव किंमत खाली येते, आणि तो माणूस घरही गमावतो व कर्जातही राहतो. पाप असेलच तर ते खरेदीदारांनी आधीच आपापसांत बोलून ‘एवढ्याच्या वर कोणी जावयाचे नाही’ असे ठरवण्यात आहे. शिवाय बँकेने दिलेला पैसा ठेवीदारांचा असतो. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना प्रथम अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. तेथील बुडीत कर्ज एका बांधकाम उद्योगसमूहाचे होते, सामान्य माणसाच्या घराचे नव्हते. पण कर्जाची वसुली झाली नाही म्हणजे कोणाची चूल अडते, हे मुंबईने तेव्हा पाहिले.

तेव्हा खरेदी ही मुळातच निंद्य आहे असे म्हणता येत नाही. परंतु येथेच विचार थांबवला तर आपण व्यवहारी माणसाच्या पंक्तीला जाऊन बसू. या धंद्यातल्या अनुभवी लोकांना त्यातल्या अडचणी विचारून पाहाव्यात. ते सांगतील, की बँकेकडे पुष्कळदा केवळ ‘सांकेतिक ताबा’ असतो, म्हणजे दारावर नोटीस चिकटलेली असते आणि आत जुने कुटुंब राहत असते. सोसायटीचे पैसे थकलेले असतात आणि ते सामान्यतः नव्या मालकाच्या माथी येतात. विजेची जुनी थकबाकीही, नियमांत तशी तरतूद असेल तर, नव्या मालकाकडून वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. कधी आत भाडेकरू निघतो. आणि भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या खऱ्या भाडेकरूला ‘सरफेसी’च्या जोरावर सरसकट बाहेर काढता येत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने २०१६ साली मुंबईतल्या प्रकरणांत दिला.

ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. हिशेबाच्या वहीत जिला ‘अडचण’ म्हटले आहे ती प्रत्येक बाब म्हणजे कोणीतरी माणूस आहे: हप्ते न पेललेला गृहस्थ, त्याची शाळेत जाणारी मुले, थकबाकीमुळे जिन्याचा दिवा बदलता न आलेले शेजारी, भाडे वेळेवर देणारा भाडेकरू. घर बाजारभावापेक्षा स्वस्त मिळते ते यांच्यामुळेच. बँकेला जे दार स्वतः वाजवावयाचे नाही ते वाजवण्याची मजुरी त्या सवलतीत धरलेली आहे. ही मजुरी ज्याने घेतली त्याला मागाहून ‘जे केले ते बँकेने केले’ असे म्हणता येणार नाही.

मग त्याने काय करावे? बोलीपूर्वी तेथे जावे आणि आत कोण राहते ते विचारावे. माहीत नसण्यावरच ज्याचा नफा उभा आहे असा सौदा सोडून द्यावा. ताबा घ्यावयाचा तो मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने, गुंड पाठवून नव्हे. मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत थांबावे, सामान हलवण्याचा खर्च द्यावा. यावर चतुर माणूस म्हणेल, ‘ठीक आहे, एवढा खर्च धरून मी बोली तेवढी कमी लावीन.’ येथेच खरी मेख आहे. बोली कमी झाली तर विक्रीची रक्कम कमी होते, आणि ती तूट त्याच कर्जदाराच्या नावावर पडते. म्हणजे दयेचा खर्च ज्याच्यावर दया करावयाची त्याच्याच खिशातून निघाला! ही दया खरी असावयाची तर ती खरेदीदाराच्या नफ्यातून निघाली पाहिजे. नफा कमी झाला म्हणून जो हळहळतो त्याने घर गरजवंतासाठी सोडावे.

हीच कसोटी भाड्याने देतानाही लागते. हे दुसरे घर पुष्कळदा स्वतःही कर्जावर घेतलेले असते, आणि भाडेकरूच्या भाड्यातून त्याचा हप्ता जातो. उद्या मालकाचे हप्ते थकले तर नोटीस त्याच दारावर लागेल. एक दिवसही भाडे न चुकवलेल्या माणसाला, बँकेच्या गहाणानंतर केलेला नेहमीचा अकरा महिन्यांचा करार फारसे तारणार नाही. त्याने दिलेली अनामत कोणाकडे मागावी, हेही त्याला कळणार नाही. म्हणून करारावर सही घेण्यापूर्वी घर गहाण आहे हे भाडेकरूला सांगणे, आणि त्याची अनामत खर्च न करता वेगळी ठेवणे, हे मालकाचे किमान कर्तव्य होय. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. गहाणाची गोष्ट बोलून दाखवण्याची जबाबदारी त्याने आपणहून घ्यावयाची आहे.

घर ही वस्तू आहे आणि ती विकली जाते, यात वावगे काही नाही. मात्र तिची किंमत ठरवताना आतली माणसे ज्या बाजूला लिहिली जातात, त्यावरून खरेदीदाराची पारख होते. ती केवळ तोट्याच्या बाजूला लिहिलेली असतील, तर हिशेब कितीही बरोबर जुळला तरी त्यात काहीतरी मांडावयाचे राहून गेले आहे.