मामीची सुट्टी

साताऱ्यातल्या माणसाला 'मे महिन्यात कुठे जाणार?' असं विचारलं, की तो मनाली म्हणतो, कूर्ग म्हणतो, गेलाबाजार गोवा तरी म्हणतोच. महाबळेश्वर म्हणत नाही. तिथे मुंबई-पुण्याची माणसं येतात, पसरणीच्या घाटात गाड्यांच्या रांगा लावतात, आणि आपण त्या रांगांना नावं ठेवत घरी बसतो. जवळचं ठिकाण कधीही बघता येतं म्हणून बघायचं राहून जातं, ही तक्रार जुनीच आहे. पण प्रवास महागला की माणसं आपोआप जवळ वळतात, त्यासाठी कोणी उपदेश करायची गरज नसते. मला वेगळाच प्रश्न पडतो. जवळची सुट्टी स्वस्त पडते, ती नेमकी कशामुळे?

उत्तर ठरलेलं असतं. गाडीभाडं कमी, मुक्कामाचा खर्च नाही आणि डबा घरचा. पहिली दोन कारणं मला मान्य आहेत. तिसऱ्यापाशी मी अडतो.

डबा घरचा, म्हणजे पहाटे साडेचारला घरातलं कोणीतरी उठलेलं असतं. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, धाकट्याला तिखट चालत नाही म्हणून त्याच्यासाठी वेगळं काही, पाण्याच्या बाटल्या, अंथरायला जुनी चादर. सात वाजता बाकीची मंडळी आळोखेपिळोखे देत गाडीत बसतात, तेव्हा तिचा अर्धा दिवस संपलेला असतो. वर ताक विसरल्याबद्दल बोलणी खायची तीही तिनेच.

स्वस्त सुट्टीचा आपला आदर्श म्हणजे मामाचा गाव. आठ-दहा पोरं महिनाभर राहायची आणि खर्च म्हणावा तर एसटीच्या तिकिटाचा. त्या दिवसांबद्दल आपण फार हळवे होतो. पण मे हाच वाळवणाचा महिना. कुरडयांचा चीक पहाटे शिजवायचा, ऊन चढायच्या आत कुरडया घालून व्हायला हव्यात. मग पापड, सांडगे, लोणच्याच्या कैऱ्या, आणि या सगळ्यात दोन वेळच्या पंगती. गदिमांच्या आगगाडीच्या गाण्यातसुद्धा मामीची ओळख सुगरण हीच आहे. ही मामी सुट्टीत कुठे जायची? फार तर माहेरी. तिथे तिचे चार दिवस बरे जायचे खरे, पण ते तिथल्या वहिनीच्या जिवावर.

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो याची पाहणी केली होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७. शाळांना सुट्टी लागली की शाळेचे डबे थांबतात, पण दर दोन तासांनी 'भूक लागली'चा गजर सुरू होतो. एकूण हिशोब फारसा बदलत नसावा.

म्हणून माझ्या लेखी जवळच्या सुट्टीची अट एकच: त्या दिवशी चूल बंद. गाडीभाड्यात आणि मुक्कामात वाचलेले पैसे खानावळीत खर्च करायचे. एवढं ठरलं की ठिकाणांना तोटा नाही.

लिंबची विहीरच घ्या. साताऱ्याहून सोळाएक किलोमीटर. पुण्याच्या महामार्गावरून रोज हजारो गाड्या तिच्या फाट्यावरून भरधाव निघून जातात. वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली, आमराईच्या पाण्यासाठी, असं सांगतात. नाव बारा मोटांची विहीर, पण वर जागा पंधरा मोटांची आहे. खोली सुमारे ११० फूट. मे महिन्यात भर दुपारी तिथे जावं. जिना उतरून दरवाज्यातून आत गेलं की उन्हाचा ताव एकदम ओसरतो. मोठी अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेली लहान विहीर, यांच्या मधोमध चक्क एक महाल आहे. नक्षीचे खांब, भिंतीवर शरभ, आणि वरच्या मजल्यावर निवांत बसायला ऐसपैस जागा. तिथे टेकल्यावर माझ्या मनात हटकून येतं, की या गारव्यात बैठक जमत असेल तेव्हा डोक्यावर बैल मोटा ओढत असणार. कष्टाला लागूनच विसावा बांधलेला, आणि दोघांचे धनी वेगळे. जवळच्या सुट्टीची ही तऱ्हा तीनशे वर्षांपूर्वीही होतीच म्हणायची.

तिथून वाई काही लांब नाही. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी तिच्यावर दुभंगावं म्हणून. बहुतेक लोक गणपतीला हात जोडून पुढूनच परत फिरतात. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. 'स्वदेस'चं चित्रीकरण तिथलं, हे मुलांना आधी सांगितलं की ती मुकाट्याने चालतात.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून सकाळच्या गाड्यांना बायकांचे गट दिसतात: देवाचं निमित्त, कपाळावर गॉगल, खिडकीसाठी भांडणं. डबे त्यांच्याकडेही असतात, पण प्रत्येकीने एकेक पदार्थ आणलेला असतो. दहाजणींचं जेवण एकीच्या अंगावर पडत नाही. स्वस्त सहलीचं गणित या बायकांना आपल्यापेक्षा चांगलं सुटलंय. नवऱ्यांना घरी ठेवणं हाही त्या गणिताचाच भाग असावा.

बाकीच्यांची सहल बहुधा शेवटच्या पायरीवर घसरते. संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता कोणीतरी म्हणतं, 'आता काही नको, साधी खिचडीच टाक.' साध्या खिचडीलाही कांदा चिरावा लागतो, पापड भाजावे लागतात आणि मागे भांडी पडतातच. त्यापेक्षा परतताना फाट्यावर गाडी थांबवून सगळ्यांनी वडापाव खाऊन घ्यावा; आणि खिचडीच हवी असेल, तर ज्याने म्हटलं त्याने कुकर लावावा.