यज्ञशेष आणि काटकसर

अन्न कोणते असावे, ते कोणत्या मार्गाने मिळवलेले असावे आणि किती खावे, यांविषयी भारतीय धर्मपरंपरांनी बारकाईने विचार केलेला आहे. परंतु घरचा किराणा कमी पैशांत कसा भागवावा आणि तो भागवताना घरातल्या माणसांची प्रकृती कशी सांभाळावी, हा चुलीपुढचा रोजचा प्रश्न मात्र धर्मग्रंथांच्या अभ्यासकांनी सहसा अर्थशास्त्राकडे किंवा आहारशास्त्राकडे सोपवून दिलेला दिसतो. ही वाटणी सोयीची असली तरी बरोबर नाही. खर्च कमी करायचा म्हणजे कोणाच्या तरी वाट्याचे काहीतरी कमी करायचे, आणि ते कोणाच्या वाट्याचे, हे ठरवताना प्रश्न निव्वळ हिशेबाचा राहत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट आणि त्याभोवतीचा कोरडवाहू टापू या विचारासाठी विशेष उपयोगी आहे, कारण स्वेच्छेने अन्न सोडण्याची एक थोर परंपरा, दूध आटवून विकण्याचा व्यवसाय आणि ज्वारी-डाळीचा स्वस्त पण सकस आहार या तिन्ही गोष्टी येथे एकाच तालुक्यात नांदतात.

भूम तालुक्यातच कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. सिद्धक्षेत्र म्हणजे जेथून मुनी मोक्षाला गेले असे मानले जाते ती भूमी. कुलभूषण आणि देशभूषण या दोन मुनींना येथे मोक्ष मिळाला अशी श्रद्धा असून, विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवी उभारी देणाऱ्या आचार्य शांतिसागरांनी सप्टेंबर 1955 मध्ये याच ठिकाणी सल्लेखनेने देह ठेवला. सल्लेखना म्हणजे शरीर धर्मसाधनेला साथ देईनासे झाल्यावर, राग-द्वेष शमवत, क्रमाक्रमाने अन्नपाणी सोडून मृत्यूला सामोरे जाण्याचे व्रत. त्यासंबंधी कायद्याच्या आणि नीतीच्या दृष्टीने वाद झालेले आहेत, पण त्या वादांतही जैन आचार्यांचा मुख्य मुद्दा एकच राहिला आहे, तो असा की उपासमार आणि सल्लेखना यांत पोटाची अवस्था सारखी दिसली तरी कर्त्याचा संकल्प वेगळा असतो आणि म्हणून कृत्यही वेगळे ठरते.

हाच निकष रोजच्या जेवणालाही लागू पडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जी सहा बाह्य तपे सांगितली आहेत, त्यांतील पहिले अनशन, म्हणजे उपवास. दुसरे अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे. आणि आणखी एक रसपरित्याग, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ या रसांपैकी काही किंवा सर्व सोडणे. केवळ बाहेरून पाहणाऱ्याला ही यादी एखाद्या तंगीतल्या घराच्या किराणा-चिठ्ठीसारखी वाटेल, कारण पैसे कमी पडले की तेल, तूप, दूध याच वस्तू गळत जातात. तरीही कोणताही जैन आचार्य त्या घराला तपस्वी म्हणणार नाही. तप हे स्वतःच्या ताटापुरते असते, ते कोणीतरी दुसऱ्याच्या ताटावर लादू लागले की त्याला हिंसेची छटा येते, आणि अहिंसा हा तर त्या परंपरेचा पायाच आहे.

योगायोग असा की, जेथे रसपरित्यागाचा उपदेश होत आला, त्याच कुंथलगिरीचे नाव आज सर्वसामान्य महाराष्ट्राला पेढ्यामुळे ठाऊक आहे. भूम परिसरात खव्याच्या भट्ट्या मोठ्या संख्येने आहेत. म्हशीचे दूध लोखंडी कढईत मोठ्या जाळावर चढवायचे, ते तळाला लागू नये म्हणून सतत ढवळत राहायचे, आणि पाणी उडून गोळा सुटू लागला की कढई उतरवायची. साधारण चार ते पाच लिटर दुधात एक किलो खवा पडतो. बेभरवशाच्या पावसाच्या या भागात भट्टीने शेतकऱ्याला रोकड दिली, ही गोष्ट थोडी नव्हे. पण दुभते असलेल्या घरातून दूध भट्टीला किंवा डेअरीला जाते, त्या पैशांतून तेल, साखर आणि चहापत्ती येते, आणि पोराच्या वाट्याला वाटीभर दुधाऐवजी चहात बुडवलेली बिस्किटे येतात, असे जेथे घडते तेथे रसपरित्याग झाला तो व्रत न घेतलेल्याचा. हिशेबाच्या वहीत ही बचत म्हणूनच नोंदली जाते.

भगवद्गीतेत या विषयाला स्पर्श करणारी तीन स्थळे आहेत आणि ती एकत्र वाचली पाहिजेत. सहाव्या अध्यायात योग हा अती खाणाऱ्याला साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही असे सांगून ‘युक्त’ म्हणजे प्रमाणशीर आहाराचा पुरस्कार केला आहे. सतराव्या अध्यायात अन्नाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार केले असून, आयुष्य, बळ आणि आरोग्य वाढवणारे, रसयुक्त, स्निग्ध आणि मनाला रुचणारे अन्न सात्त्विक ठरवले आहे. या लक्षणांत किमतीचा उल्लेख कोठेही नाही, याकडे भाष्यकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. पुढे ‘सात्त्विक’ या विशेषणाला साजूक तूप, केशर आणि सुकामेवा यांचा जो थाट चिकटला तो देवळांच्या आणि दरबारांच्या वैभवातून आला असावा. मूळ लक्षणांना ज्वारीची गरम भाकरी, तुरीचे वरण आणि त्यावर घातलेले चमचाभर करडईचे तेल पुरेपूर उतरते.

तामस अन्नाचे प्रकरण थोडे अवघड आहे. गीतेने शिळ्या अन्नाला तामस म्हटले आहे आणि शिळी भाकरी-ताक ही तर मराठवाड्यातील कष्टकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची न्याहारी आहे. स्मृतिकारांना ही अडचण जाणवलेली दिसते, कारण मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आंबलेले पदार्थ निषिद्ध ठरवताना दही आणि दह्यापासून झालेले सर्व पदार्थ त्यांतून वगळले आहेत. आधुनिक आहारशास्त्रानुसार शिजवून थंड झालेल्या धान्यातील काही पिष्ट सहज न पचणारे बनते आणि त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. म्हणजे न्याहारीच्या या जुन्या पद्धतीची बाजू स्मृतीनेही थोडी आणि विज्ञानानेही थोडी उचलून धरली आहे, आणि अन्न वाया न घालवण्याचा लाभ वेगळाच.

स्वस्त, सकस आणि पवित्र हे तीन गुण एकाच पानावर वाढलेले पाहायचे असतील तर येळवशीकडे वळावे लागते. येळवस किंवा वेळ अमावास्या म्हणजे मार्गशीर्षातील अमावास्येला लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत, विशेषतः पूर्वेकडील तालुक्यांत, साजरा होणारा शेतातला सण. त्या दिवशी कडब्याची कोप करून तिच्यात पांडवांची पूजा होते आणि सबंध गाव रानात जेवते. या जेवणाचा मानाचा पदार्थ भज्जी हा आहे. तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, वाल, भुईमूग, मेथी, कांद्याची पात, गाजर, बोरे असे त्या पंधरवड्यात रानात जे जे असेल ते एका भांड्यात शिजवून, चिंचेचा कोळ घालून, डाळीच्या पिठाने ते दाट करतात. बरोबर बाजरीचे उंडे आणि मातीच्या बिंदगीत आंबवलेले, ताक, लसूण आणि जिरे घातलेले ज्वारीचे अंबिल. या पंगतीत दुकानातून आणलेले मीठ-मसाल्यापलीकडे फारसे काही नसते, आणि तरीही धान्यातील प्रथिनांत जे लायसिन हे घटकद्रव्य कमी पडते ते डाळींतून मिळते, डाळींत जे कमी ते धान्यातून मिळते, पालेभाज्यांतून लोह येते. या सणाची पाककृती ठरवणाऱ्यांना लायसिन ठाऊक नव्हते. त्यांना हंगाम ठाऊक होता. हाच प्रश्न चवीच्या बाजूनेही पाहता येतो. गांधीजींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत अस्वाद हे व्रत सांगितले, म्हणजे अन्न जिभेसाठी न घेता औषधासारखे घ्यावे. या व्रताची उंची मान्य करूनही असे म्हणावे लागते की गरिबाच्या आहाराचे रक्षण अस्वादाने होत नाही, ते कारळाच्या आणि जवसाच्या चटणीने होते, कारण चव आहे म्हणून हे पदार्थ टिकले आणि ते टिकले म्हणून त्यांतील पोषण टिकले.

याउलट धर्माच्या नावाने खर्च वाढून पोषण घटते याचेही उदाहरण घरोघरी आहे. एकादशीचा उपवास हा वारकऱ्यांच्या दृष्टीने इंद्रियसंयमाचा दिवस आहे. पण साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि तूप यांनी तो रोजच्या जेवणापेक्षा महाग आणि पिष्टमय झाला आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतून आलेला असल्याने प्राचीन शास्त्राने त्याला परवानगी दिली असण्याची शक्यताच नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी स्वतःवरच केलेली आहे.

अन्नाच्या किमतीची उतरंडही स्थिर राहत नाही. ज्वारीची भाकरी ही गरिबीची आणि गव्हाची पोळी ही सणाची, अशी या भागातील जुनी समजूत होती. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 साली झाला, त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळू लागले आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत झाले. परंतु त्यात प्रामुख्याने गहू आणि तांदूळच असल्यामुळे, मालदांडी ज्वारी पिकवणाऱ्या प्रदेशातील भूमिहीनाला गहू-तांदूळ फुकट आणि ज्वारी मात्र विकत, अशी परिस्थिती उद्‌भवली. शहरात आता हीच भाकरी मधुमेहींचा आहार म्हणून मानाने मागवली जाते.

काटकसरीचा जो उपदेश सुखवस्तू माणूस करतो, त्यात एक गृहीत लपलेले असते. सुगी संपताच वर्षाचे धान्य भरून ठेवावे, कडुलिंबाचा पाला घालून ते राखावे, हरभऱ्याची भाजी वाळवून आणि सांडगे घालून उन्हाळ्याची सोय करावी, हा सल्ला शहाणपणाचा आहे; मात्र एकरकमी पैसा आणि धान्य ठेवायला कोरडी जागा असेल त्यालाच तो उपयोगी पडतो. ऊसतोडीला जाणारे मजूर दिवाळीच्या सुमारास घर सोडतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी चार-पाच महिने कारखान्याच्या परिसरात कोपीत राहतात आणि तेथे लागेल तसे पावशेर-अर्धा किलो सामान, पुष्कळदा उधारीवर, घेतात. सुटे घेतलेले सामान महाग पडते. ज्याच्याजवळ कमी असते त्याला किलोमागे जास्त मोजावे लागते, आणि म्हणून काटकसर न करण्याबद्दल त्याला दोष देणे हे नीतीच्या दृष्टीने टिकत नाही. ऐतिहासिक स्मृतीही या बाजूने आहे: मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, आणि संतचरित्रांनी त्या कृत्याला राजाच्या धान्याची चोरी न मानता भक्ती मानले.

आता गीतेतील तिसरे स्थळ. तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की यज्ञातून उरलेले खाणारे सज्जन सर्व पापांतून सुटतात आणि जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात. यज्ञशेष म्हणजे देव, पितर, अतिथी, आश्रित आणि प्राणी यांचा वाटा देऊन उरलेले अन्न. या कल्पनेचा घरातील अर्थ काळाच्या ओघात असा झाला की सर्वांना वाढून झाल्यावर घरच्या बाईने उरलेसुरले खावे, आणि तिच्या या शेवटी बसण्याला त्यागाचे पावित्र्य लाभले. काटकसरीचा सगळ्यात मोठा भाग येथेच, कोणाच्याही नजरेस न येता, पार पडतो: वरण पातळ झाले तर ते शेवटच्या वाटीत पातळ होते, भाजी संपली तर ती शेवटच्या ताटात संपते. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. तिची कारणे अनेक आहेत, पण ताटाचा हा क्रम त्यांतून वगळता येणार नाही.

या क्रमाला शास्त्राचा आधार शोधणाऱ्याची मात्र निराशा होते. मनुस्मृती स्त्रियांविषयी पुष्कळ ठिकाणी कठोर आहे, आणि तरीही तिच्या तिसऱ्या अध्यायात नवविवाहित स्त्रिया, कुमारिका, आजारी माणसे आणि गर्भवती यांना अतिथींच्याही आधी, मागचापुढचा विचार न करता जेवू घालावे असे सांगितले आहे. आणि अतिथी व नोकरचाकर जेवल्यावर उरलेले अन्न कोणी खावे, तर गृहस्थ आणि त्याची पत्नी या दोघांनी. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायातही बालक, वृद्ध, गर्भवती, आजारी, अतिथी आणि सेवक यांच्यानंतरचे शेषभोजन दांपत्याचे मानले आहे. म्हणजे यज्ञशेषाचा अधिकारी दोघांचा मिळून एक घटक आहे. नवऱ्याने पहिल्या पंगतीला बसावे आणि बायकोने त्याचे उरलेले खावे, ही रीत रूढीतून आलेली आहे. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. उचल देणाऱ्या मुकादमाला दांपत्य हा एक घटक असल्याचे नीट समजते, ते कोपीतल्या ताटालाच समजत नाही.

अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेपुरती घरातील 18 वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीला कुटुंबप्रमुख ठरवले आहे. ती तरतूद चुलीपर्यंत पोहोचायची तर डाळीचे माप आधणात पडण्यापूर्वी तिचा वाटा त्यात धरावा लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2024 च्या मार्गदर्शनात सुमारे 2000 किलोकॅलरीच्या रोजच्या आहारात डाळी, अंडी किंवा मांस मिळून 85 ग्रॅमचे प्रमाण दिले आहे. हे प्रमाण घरातल्या प्रत्येक माणसामागे मोजायला लागले की महिन्याची डाळ दुकानदाराला वाढवून सांगावी लागते आणि किराण्याचे बिल फुगते. ते पुन्हा खाली आणायचे असेल, तर तुरीच्या जोडीला हुलगे आणि मटकी आणावी, तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला यांना भाजीच्या रांगेत बसवावे, आणि साखर, पाकीटबंद खाऊ व तंबाखू-गुटखा यांच्या ओळींवर प्रथम काट मारावी. यांपैकी शेवटची ओळ बहुधा घरातल्या पुरुषाच्या खिशातून जाते आणि किराण्याच्या चिठ्ठीवर ती कधी लिहिलेलीच नसते.