बोल्टला प्रश्न विचारायचा का?

आजचं चिंतन गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या ३४व्या श्लोकावर. ज्ञान हवं तर नमस्कार, परिप्रश्न आणि सेवा करा, असं भगवंत सांगतात. पण ४०व्या श्लोकात म्हणतात, संशयी माणसाचा नाश होतो. मग विचारायचं की नाही?

थायलंडमधल्या रायलेचे समुद्रकाठचे चुनखडीचे कडे घ्या. क्लाइंबिंगसाठी तिथे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट ठोकले होते. युरोपच्या ईएन ९५९ मानकानुसार बोल्टने कड्यालगत खाली ओढल्यावर २५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण अडीच टन भार पेलायला हवा. सरळ बाहेर ओढल्यावर १५. पण खाऱ्या, उष्ण हवेत तिथल्या कित्येक बोल्टना आतून बारीक चिरा गेल्या. वरून चकचकीत, आणि थोड्याशा भाराने तुटले! म्हणून आता तिथे रेझिनने चिकटवलेले टायटॅनियमचे बोल्ट बसवतात.

जाणता क्लाइंबर बोल्ट निरखतो, भोवतीचा खडक ठोकून आवाज ऐकतो. पोकळ वाजला तर तिथे विसंबत नाही. अँकरला किमान दोन बोल्ट घेतो. आणि मग दोरावर पूर्ण वजन टाकतो. हा परिप्रश्न. संशयी माणूस तपासतच बसतो, खाली, जमिनीवर.

आपल्यातले काही याच्या अगदी उलट. एखाद्या बाबांचं रील आलं की लगेच सगळं वजन त्यावर! त्याला श्रद्धा नका म्हणू, प्लीज. खडक ठोकून तरी बघितला का?

उद्या ३९वा श्लोक, श्रद्धावानाचा.